खंडेनवमीचं औषध

कुणाच्याही घरी गेले की मी आधी हात धुवायला म्हणून बेसिनपाशी जाते आणि कुणी बघत नाही असं पाहून जाळीखाली बोट घालते. जुनी खोड आहे. नौपाड्यात माझी धाकटी बहीण राहते, ती तर आता मला मोरीपाशी एकटं सोडतच नाही. "ताई, तू जेवायला आलीस की इन्स्पेक्शनला?" असं चारचौघांत विचारते. विचारू दे बापडी. तिच्या जाळीखाली काय आहे ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

बोटाला जे लागतं त्याला आपण बुळबुळ म्हणतो आणि तोंड वाकडं करून साबण शोधतो. माझ्या नोकरीची सगळी वर्षं त्या बुळबुळीच्या संगतीत गेली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी पाण्याची केमिस्ट होते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ती चांगली चालू आहे आणि तिथली माणसं अजून मला सणासुदीला फोन करतात. पाण्याची केमिस्ट म्हटलं की लोकांना वाटतं, बाई प्यायचं पाणी तपासत असणार. पिण्याच्या पाण्याशी माझा संबंध फक्त पिण्यापुरता होता.

मला कामं होती दोन. पहिलं कुलिंग टॉवरचं. कारखान्यात यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला भोवतीनं पाणी फिरवतात. मग ते पाणीच तापतं. ते एका मनोऱ्याच्या माथ्यावरून आतल्या फळ्यांवर सोडायचं, वाऱ्यानं निवू द्यायचं, खालच्या हौदात गोळा करायचं आणि पुन्हा यंत्रांकडे पाठवायचं. कोमट पाणी, खेळती हवा, वर एमआयडीसीची धूळ. जीवाणूंना याहून चांगला फ्लॅट मिळणार नाही. पंधरा दिवस दुर्लक्ष केलं की फळ्यांवर हिरवट तपकिरी थर चढतो, तो पाइपांत शिरतो, पाणी गार होईनासं होतं आणि वर्क्स मॅनेजर गरम व्हायला लागतात. तेव्हा तिथे माझं काम मारायचं. त्यासाठी जी विषारी रसायनं हौदात टाकतात त्यांना कामगार 'औषध' म्हणतात. "मॅडम, औषध मारू का?" हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही.

दुसरं काम ईटीपीचं, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटचं. कारखान्यातून निघालेलं घाण पाणी तसंच बाहेर सोडता येत नाही. ते मोठ्या टाक्यांत घेऊन खालून हवा सोडतात, आणि त्यातली घाण खायला जीवाणू पाळतात. अक्षरशः पाळतात. त्यांना खायला किती गेलं, हवा पुरते का, पोट बिघडलं का, हे रोज बघायचं. तेव्हा तिथे माझं काम पोसायचं. टॉवर आणि ईटीपी यांच्यामध्ये एक भिंत होती, कमरेएवढी. माझे यजमान म्हणायचे, "आमची ही सकाळी खाटीक असते आणि दुपारी अंगणवाडीताई."

आता या बुळबुळीबद्दल थोडं सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरच उभी आहे. जीवाणू पाण्यात सुटे असतात तेव्हा ते अगदी गरीब. थोडं औषध पडलं की संपले. पण एकदा का ते कशाला चिकटले, की स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्यात एकावर एक घर बांधतात. याला आमच्या धंद्यात बायोफिल्म म्हणतात. आपल्या दातांवर सकाळी जो थर जाणवतो तो हाच. या थरावर विष टाकलं की वरचे मरतात, पण मरता मरता बरंचसं विष आपल्या अंगावर संपवतात. चिकट पदार्थ आणखी थोडं अडवतो. तळाशी पोचेपर्यंत त्याचा जोर उतरलेला असतो. शिवाय तळाचे जीवाणू अर्धवट झोपेत असतात. खाणं कमी, वाढणं कमी, त्यामुळे विषसुद्धा त्यांच्यात नीट भिनत नाही. आपण वरवर स्वच्छ झालेलं पाणी बघून खूश होतो आणि आठ दिवसांनी खालचे उठून पुन्हा बांधकाम काढतात.

बहिणीच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीत चमचाभर ब्लीचिंग पावडर टाकायचे, तुळशीला पाणी घालावं तशा भक्तीनं. तरी नळाच्या पाण्याला वास. मी टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवून दाखवला. "अहो, चमचाभरानं वरचे दोन-चार मरतात आणि बाकीचे जास्तच चिकटून बसतात. टाकी रिकामी करा, ब्रशनं घासा, मग काय टाकायचं ते टाका." ते म्हणाले, "पण मी रोज टाकतोय ना?" त्यांना वाईट वाटलं ते टाकी घासायला लागणार म्हणून नाही, रोजचा नेम मोडणार म्हणून.

त्यांना हसले खरी, पण औषधाच्या बाबतीत चूक माझ्याकडूनही व्हायचीच होती, आणि चांगली दणदणीत झाली.

आमच्या ईटीपीवर कांबळे नावाचे ऑपरेटर होते. विठ्ठलवाडीला राहायचे. माणूस ठेकेदाराचा, म्हणजे काम आमच्याकडे पण नोकरी दुसऱ्याची. चौदा वर्षं असेच. ठेकेदाराला 'उद्यापासून याला पाठवू नका' एवढा फोन केला की संपलं. शिक्षण बारावी, पण टाकीच्या कठड्याशी उभं राहून नुसत्या वासावरून ते सांगायचे की आज आत काय चाललंय. जीवाणूंना ते 'पब्लिक' म्हणायचे. "मॅडम, आज पब्लिक खूश आहे." "मॅडम, काल प्रॉडक्शनवाल्यांनी ॲसिड जास्त सोडलेलं, पब्लिकचा मूड नाय." मी मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवून बघायचे आणि दहातल्या नऊ वेळा कांबळेंचं बरोबर निघायचं. दहाव्या वेळी माझा थेंब चुकीच्या जागेवरून घेतलेला असायचा, असं ते अगदी अदबीनं सुचवायचे.

टाक्या दोन होत्या. पहिलीत सुटे जीवाणू, पाण्यात तरंगणारे. दुसरीत प्लॅस्टिकच्या हजारो चकत्या, चिरलेल्या भेंडीसारख्या दिसणाऱ्या, आत जाळी असलेल्या. त्या पाण्यात घुसळत राहतात आणि त्यांच्या जाळीत बुळबुळीचा थर धरतो. जी बुळबुळ भिंतीच्या अलीकडे शत्रू, तीच पलीकडे आमची लाडकी लेक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तिला एक शेपूट जोडलेलं होतं. वर्क्स मॅनेजर दातेसाहेबांनी सगळ्यात स्वच्छ विभागाला ढाल द्यायची प्रथा पाडली होती. ढाल कसली, लाकडी फळीवर पितळी पत्रा. पण कँटीनच्या दारावर विभागाचा फोटो वर्षभर लागायचा. दरवर्षी बॉयलरवाले जिंकायचे. बॉयलरला काय, रंग मारला की झालं. माझा टॉवर बाहेरून कितीही रंगवला तरी दातेसाहेब वाकून आतल्या फळ्या बघायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि पुढे जायचे. अकरा वर्षं मी तो रुमाल बघत होते.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि मी मनाशी ठरवलं, या वर्षी ढाल आपली.

टॉवरचा फिटर भोईर. जवळच्याच गावातला, आगरी, कामाला वाघ. अष्टमीच्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, "भोईर, नेहमीच्या तिप्पट औषध मारा. दिवसभर फिरू द्या. संध्याकाळी हौद रिकामा करा, फळ्या काढून ब्रशनं घासा. उद्या सकाळी पूजेच्या आधी मला हौद कोरडा ठणठणीत दिसला पाहिजे."

आता इथे नियम सांगते. औषध मारलेलं पाणी एकदम ईटीपीकडे सोडायचं नसतं. आधी त्यातलं विष मोडायचं, मग वॉल्व्ह जेमतेम उघडून ते चार-पाच दिवस थेंबथेंब जाऊ द्यायचं. हा नियम माझाच. माझ्याच अक्षरात टॉवरच्या खांबावर चिकटवलेला. पण त्यात 'थेंबथेंब' होतं आणि माझ्या तोंडी हुकमात 'उद्या सकाळी कोरडा' होतं. भोईरनं बाईंचा ताजा हुकूम ऐकला आणि वॉल्व्ह पूर्ण उघडला. त्यानं करायचं ते बरोबर केलं. नियम आठवायचा होता तो मला.

खंडेनवमीला टॉवर असा दिसत होता की बघत राहावं. फळ्या कोऱ्या करकरीत, हौद पुसलेला, कडेनं झेंडूच्या माळा. दातेसाहेब वाकले, आत बघितलं, आणि रुमाल खिशातच राहिला. ढाल आम्हाला मिळाली. भोईरनं नारळ असा फोडला की निम्मं पाणी बॉयलरवाल्यांच्या अंगावर. मी हातात ढाल घेऊन फोटो काढला. त्या फोटोत मी जितकी खूश दिसते तितकी माझ्या लग्नाच्याही फोटोत दिसत नाही.

मधला दिवस दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर सकाळी कामावर गेले तर ईटीपीवर बर्फ पडल्यासारखा पांढरा फेस. कठड्यावरून ओघळून वाटेवर आलेला. नेहमीचा फेस तपकिरी आणि जडसर असतो, हा साबणासारखा हलका आणि शुभ्र. आमच्या टॉवरच्या औषधात हवा मिसळली की असाच फेस येतो, हे मला जितकं माहीत तितकं त्या आवारात कुणालाच माहीत नव्हतं. एक माणूस सोडून, आणि तो तिथे नव्हता.

कांबळे दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. बायको-मुलांसकट, वस्तीतल्या लोकांबरोबर. वर्षातली त्यांची तेवढीच चार दिवसांची रजा. गणपती, दिवाळी, होळी, सगळ्यांच्या सुट्ट्यांत प्लांट सांभाळायला तेच असायचे. ठेकेदारानं त्यांच्या जागी जो बदली माणूस पाठवला होता त्याला हवेचा पंप चालू-बंद करण्यापलीकडे काही माहीत नव्हतं. फेस आला तेव्हा त्यानं होज पाइपनं फेसावर पाणी मारलं, फेस खाली बसेना तेव्हा तो स्वतः खाली बसला.

मी भोईरला बाजूला घेतलं. "हौद किती वेळात रिकामा झाला?"

"दोन तासांत, मॅडम. तुमी बोल्ला ना सकालपर्यंत कोरडा पायजे, मंग मी वॉल फुल खोल्ला. का, काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं.

पहिल्या टाकीतला थेंब काचेवर घेऊन बघितला. एरवी तिथे जत्रा भरलेली असते. फिरत्या तोंडाचे, देठावर डोलणारे, घाईघाईनं कुठेतरी निघालेले. त्या दिवशी काहीही हलत नव्हतं. मी पाच थेंब बघितले. सहावा बघायचं धाडस झालं नाही.

दातेसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. प्रक्रिया न झालेलं पाणी साठवायला आठ दिवसांची जागा होती. त्याच्या आत प्लांट सुरू झाला नाही तर उत्पादन बंद, तेही दिवाळीच्या तोंडावर. दातेसाहेब चिडले होते.

"कांबळे कुठाय?"

"रजेवर आहेत, साहेब," कुणीतरी म्हणालं.

"दरवर्षी ह्याच दिवसांत बरा गायब होतो. जाताना नीट चार्ज द्यायला नको? परवा येऊ दे, ठेकेदाराला सांगतो दुसरा माणूस दे म्हणून. आणि लेले मॅडम, त्या टाक्या रिकाम्या करा. चकत्या बाहेर काढून क्लोरीननं स्वच्छ धुवा. दुसऱ्या कंपनीतून चांगला गाळ मागवू आणि नव्यानं सुरुवात करू."

त्यांच्या टेबलावर आमची ढाल ठेवलेली होती, तारीख कोरायला पाठवायची म्हणून. मी ढालीकडे बघत बसले आणि म्हणाले, "उद्यापर्यंत थांबू या, साहेब. एकदा तपासते."

एवढंच म्हणाले. बाकीचं म्हणाले नाही. का म्हणाले नाही याची कारणं त्या रात्री मी बरीच शोधली आणि सगळी फालतू निघाली. घाबरले होते असंही नाही. मला कुणी कामावरून काढणार नव्हतं. खरं कारण एवढंच की इतक्या वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती, आणि मला ते फार आवडत होतं. त्यापायी एका माणसाची चौदा वर्षं जायला निघाली होती आणि मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी कांबळे एक दिवस आधीच हजर. बदली माणसानं त्यांना फोन केला होता. नागपूरहून आलेली पिशवी खांद्यालाच, घरी न जाता थेट टाकीवर. कठड्याशी उभे राहिले, दोनदा वास घेतला, फेसात हात घालून बोटं एकमेकांवर चोळली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"पहिल्या टाकीतलं पब्लिक गेलं, मॅडम," ते म्हणाले.

"हो. दातेसाहेब म्हणतात चकत्या पण धुवून काढा."

"धुवायच्या?" त्यांचा आवाज एकदम चढला. "नाय नाय, हात लावू देऊ नका कुणाला. आधी बघू तरी."

त्यांनी जाळीनं आठ-दहा चकत्या बाहेर काढल्या. वरचा थर राखाडी, मेलेला, बोट लावताच सुटून येत होता. कांबळेंनी नखानं तो खरवडून टाकला. खाली, जाळीच्या कोपऱ्यांत, तपकिरी थर तसाच होता. त्यांनी चकती नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. "घ्या वास."

मी घेतला. ओल्या मातीचा वास होता. मेलेल्याला कुजका वास येतो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

पण दातेसाहेबांपुढे वास नेऊन ठेवता येत नाही. त्यांना आकडा लागतो. जीवाणू जिवंत असले तर ते पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणजे श्वास घेतात म्हणा ना. तेव्हा खालचा थर कोरून एका बाटलीत घातला, स्वच्छ पाणी भरलं, चिमूटभर गूळ टाकला, प्राणवायू मोजायचा मीटर आत सोडला आणि बूच घट्ट लावलं. आकडा उतरला तर आत कुणीतरी आहे. जागच्या जागी राहिला तर नाही.

आम्ही दोघं मीटरसमोर स्टुलांवर बसलो. आकडा हलेना. पाच मिनिटं झाली. कांबळेंनी पिशवीतून संत्री काढली, नागपूरची, एक मला दिलं. मी ते न सोलताच हातात धरून बसले. दहा मिनिटं. मी मनातल्या मनात त्या जीवाणूंना विनवण्या करत होते. ज्यांना इतकी वर्षं हट्टी, निर्लज्ज, मेले मरत नाहीत असं म्हणत आले, त्यांनाच म्हणत होते, मरू नका रे बाबांनो.

"उठायला वेळ लागणार," कांबळे म्हणाले. "झोपलेलं पब्लिक आहे."

आणखी थोड्या वेळानं शेवटचा आकडा एकानं उतरला. मला वाटलं मीटर हलला असेल. मग आणखी एकानं. मग सावकाश, पण न थांबता, तो उतरतच गेला. कांबळेंनी मोठ्यानं टाळी वाजवली आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, स्टुलावर बसून रडले. टॉवरमध्ये ज्या खोडीनं मला छळलं, त्याच खोडीनं ते माझ्या तिप्पट औषधातून वाचले होते. वरच्यांनी विष अंगावर घेतलं होतं आणि खालचे झोपून राहिले होते.

बाटली आणि मीटर तसंच उचलून मी दातेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. कांबळेंना म्हटलं, तुम्ही प्लांटवरच थांबा.

"साहेब, चकत्या धुवायच्या नाहीत. आत जिवंत आहेत, हा बघा आकडा. पाणी भरून विष पातळ करू, गूळ आणि शेणकाला घालू, उत्पादन अर्ध्यावर आणा. आठ दिवसांत प्लांट उठेल."

"नक्की?"

"नक्की. आणि कांबळेंना काढायचं नाही. प्लांट त्यांच्या रजेनं मेला नाही, माझ्या औषधानं मेला. ढाल मिळावी म्हणून तिप्पट मारलं आणि हौद एका रात्रीत रिकामा करायला सांगितला. भोईरनं मी सांगितलं ते केलं."

दातेसाहेबांनी मीटर पुढे ओढून आकडा वाचला. "हे तुम्ही कालच सांगायला हवं होतं, मॅडम."

"हो," मी म्हटलं. त्यांनी सगळं लेखी मागितलं, मी तिथेच बसून लिहिलं. ढाल बॉयलरवाल्यांकडे गेली. त्यांनी पेढे वाटले आणि मलाही आणून दिला, हा त्यांचा चांगुलपणा की सूड हे मी अजून ठरवलेलं नाही.

मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे. मी केबिनमध्ये गेले ती मीटरचा आकडा उतरल्यावर. आकडा जागचा हलला नसता, सगळं खरंच मेलं असतं, तर मी गेले असते का? माझे यजमान म्हणतात, गेली असतीस. ते नवरा आहेत, म्हणणारच. मला स्वतःला आजतागायत खात्री नाही.

प्लांट उठला. आठ दिवस लागले नाहीत, सहा लागले. भोईर रोज सकाळी गावातून बादल्या भरून शेण आणायचा आणि येताना गेटवरच्या वॉचमनशी भांडायचा, कारण वॉचमनच्या रजिस्टरात शेणाला रकाना नव्हता. चकत्यांवरून सुटलेल्या जीवाणूंनी पहिली टाकीही हळूहळू भरली. सहाव्या दिवशी कांबळे येऊन म्हणाले, "पब्लिक खूश आहे," आणि त्या दिवशी मी मायक्रोस्कोप काढलासुद्धा नाही.

पण त्याआधीची, केबिनमधून परत आले त्या दुपारची गोष्ट राहिली. कांबळे टाकीत गुळाचं पाणी सोडत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "कांबळे, औषध माझ्या टॉवरचं होतं. साहेबांना सांगून आले."

"माहीत होतं, मॅडम."

"कधीपासून?"

"सकाळी आलो तेव्हाच. फेसात हात घातला ना, तेव्हाच कळलं. तुमच्या औषधाचा हात वेगळा लागतो."

"मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी चालली होती."

त्यांनी बादली खाली ठेवली. रागावलेले नव्हते, तेच मला जड गेलं. "मॅडम, मी बोललो असतो, की लेले मॅडमनी केलं, तर केबिनमध्ये कोणी ऐकलं असतं? बोलले असते, रजेवर गेला आणि आता दुसऱ्यावर ढकलतोय. ते तुम्हीच बोलायला पाहिजे होतं. म्हणून मी पब्लिक जिवंत आहे का ते बघत बसलो. म्हटलं, ते वाचलं तर तुम्ही बोलाल."

त्यांनी मला माझ्यापेक्षा बरोबर ओळखलं होतं, आणि वाट बघत असताना मला संत्रंही दिलं होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी त्यांचा रजेचा कागद नेहमीसारखा माझ्या टेबलावर आला. चार दिवस, नागपूर. खाली 'बदली माणूस' असा रकाना असतो, तो ठेकेदार भरतो. मी पेन काढलं, तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद दातेसाहेबांकडे पाठवून दिला. त्यांनी काही न विचारता सही केली. निवृत्त होईपर्यंत त्या रकान्यात दुसरं नाव मी येऊ दिलं नाही.